सुवालालजींची भ्यायची फाईल

सुवालालजींची आणि माझी पहिली भेट एका चुकीमुळे झाली, आणि ती चूक माझी होती. मी तेव्हा मढच्या शाळेत मराठीचा शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो. डोंगराच्या कुशीतली शाळा, समोर भातखाचरे आणि फळ्यावर कविता. तरी मनात शहर होतेच. पुण्याकडच्या एका शाळेची जाहिरात पाहिली आणि अर्ज टाइप करून घ्यायला जुन्नरला आलो. बाजारपेठेत त्यांच्या वडिलांचे कापडाचे दुकान होते. वरच्या मजल्यावर सुवालालजींचा टायपिंग क्लास चाले. सहा यंत्रे एकदम वाजत असत. मला तो आवाज पत्र्यावरच्या गारांसारखा वाटला.

त्यांनी माझा अर्ज घेतला, मागचे कागद चाळले आणि हात थांबवला.

"गुरुजी, हे मूळ सर्टिफिकेट हाय. हे टपालात टाकणार तुमी?"

"त्यांनी मागितलंय."

"मागितलं म्हणून काय झालं? उद्या घराची किल्ली मागितली तर देताल का?"

त्यांनी टाचणी काढली, सर्टिफिकेट माझ्या हातात ठेवले आणि त्याची नक्कल स्वतः टाइप करून दिली. ती नोकरी मला मिळाली नाही. सर्टिफिकेट मात्र आजही माझ्या कपाटात आहे. सुवालालजींचे सारे जीवनकार्य या एका टाचणीत सामावलेले आहे, असे मी म्हणालो तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. पुढचे वाचून ठरवावे.

त्यानंतर दर महिन्याला मी त्यांच्याकडे जाऊ लागलो. मुलांना वाटण्यासाठी कविता स्टेन्सिलवर टाइप करून घ्यायच्या असत. मी शेजारी उभा राहून ओळी म्हणे, ते टाइप करीत. माझी एक खोड होती. वृत्त कोणतेही असो, मी प्रत्येक कविता एकाच चालीत म्हणत असे आणि मुलांनाही त्याच चालीत शिकवीत असे. शेवटचा शब्द लांबवायचा, मग एक छोटी उचकी घेतल्यासारखे थांबायचे आणि पुढच्या ओळीवर उडी मारायची. सुवालालजी म्हणत, "गुरुजी, तुमच्या कविता पन्नास, पण इंजिन एकच हाय राव." पण त्यांची बोटेही त्याच चालीत पडू लागली होती, हे माझ्या लक्षात आले होते. मढच्या शाळेतून बाहेर पडलेली पोरे म्हातारी झाली, तरी त्या चालीवरून एकमेकांना ओळखतात, असे लोक गमतीने म्हणतात. त्या गमतीकडे मी पुढे परत येणार आहे.

यंत्रे गेली, झेरॉक्स आले, मग संगणक आला. क्लास खाली दुकानात उतरला. सुवालालजी मात्र तेच राहिले. सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही न घेणारे, मोठ्याने न बोलणारे आणि गावाच्या मते अतिशय भित्रे. कुणी नोकरीचे पत्र झेरॉक्सला आणले की ते आधी वाचायचे. त्या मुलालाच समोरच्या स्टुलावर बसवून मोठ्याने वाचायला लावायचे. पोरे कंटाळायची. कट्ट्यावरच्या लोकांनी तर म्हणच करून टाकली होती: "जुन्नरचं सगळं गाव बिबट्याला भितं, शेठ लिफाफ्याला भितात." मीही त्यावर हसलो आहे. ते लिहून ठेवणे मला भाग आहे.

त्यांना ही भीती जन्मतः नव्हती. ती कुठून आली, हे त्यांनी बराच काळ कुणाला सांगितले नव्हते. आज त्यांच्या परवानगीने सांगतो. घोडेगावच्या बाजूचा किरण नावाचा एक मुलगा परदेशातल्या नोकरीचे पत्र घेऊन आला होता. संगणकावर बसून ग्राहकांशी बोलायचे काम, राहणे-खाणे फुकट. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. सुवालालजींनी न वाचता झेरॉक्स काढून दिली. किरण गेला. पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो आले, मग फोन आले, मग काहीच आले नाही. अनेक महिन्यांनी तो परत आला तो निम्मा होऊन. तिथे पोचताच पासपोर्ट काढून घेतला होता. इमारतीला जाळ्या, दारात बंदूकवाला. काम खरोखरच संगणकावर बसून बोलायचे होते. पण कुणाशी बोलायचे, ते मला पुढे कळले. किरण सुवालालजींना म्हणाला होता, "शेठ, मला आलं तसंच लेटर मला आपल्या पोरांना पाठवायला लावायचे. आपल्या भाषेत बोल म्हणायचे, म्हणजे पोरं भुलतात. न्हाई बोललं की मारायचे."

किरण आज शेतात असतो. जवळ कुणाचा फोन वाजला तर उठून दूर जाऊन उभा राहतो.

संवत्सरीला झाल्या-गेल्याची क्षमा मागण्याची सुवालालजींच्या घरात रीत आहे. ते त्या दिवशी भाऊबंदांकडे नंतर जातात. आधी एस.टी.ने घोडेगावला जाऊन, पुढे चालत किरणच्या घरी पोचतात आणि त्या विशीतल्या मुलापुढे हात जोडून उभे राहतात. "मी वाचायला पायजे व्हतं," एवढेच म्हणतात. आणि त्या वर्षापासून त्यांनी एक फाईल केली, तिच्यात पहिले किरणचे पत्र. नोकरीचे जे पत्र दुकानात येईल त्याची एक जास्तीची प्रत स्वतःसाठी काढायची, आणि नवे पत्र आले की जुन्यांशेजारी ठेवून पाहायचे. तिला कट्ट्यावरच्यांनी नाव दिले, "भ्यायची फाईल". सुवालालजींनी ते नाव पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने लिहून टाकले.

आता माझी दुसरी चूक. ती तीन वर्षांपूर्वीची आहे.

घाटघरचा लहू हा माझा जुना विद्यार्थी. वसतिगृहात राहून शिकला. नाणेघाट पाहायला येणाऱ्यांना चहा-पोहे देऊन त्याने संसार केला आणि मुलीला, अश्विनीला, बी.कॉम. केले. एके दिवशी त्याचा डिंगोऱ्याला माझ्या घरी फोन आला. "गुरुजी, आश्वीला परदेशात नोकरी लागली. परवा गाडी न्यायला येतीय. गाव सत्कार करतंय. तुमी पाहुणे, आणि बोर्डावर तुमची कविता पायजे."

आपल्याकडे नोकरी लागली की माणूस रुजू व्हायच्या आधी त्याचा फ्लेक्स लागतो, हे मी नव्याने सांगायला नको. मला तर कविता मागितल्याचाच आनंद. लिहिल्या दोन ओळी:

जा गे लेकी दूर देशी, गंध ने मातीचा,
परतुन येता सांग आम्हां रंग त्या वाटेचा.

फ्लेक्स फाट्यावर चढला. सत्काराच्या सकाळी मी जुन्नरला उतरलो. विद्यार्थ्यांच्या यशाची कात्रणे चिकटवायची माझी एक वही आहे. तिच्यासाठी अश्विनीच्या पत्राची प्रत हवी होती. लहूने पत्र फोनवर पाठवले होते. सुवालालजींनी ते छापून घेतले आणि नेहमीप्रमाणे वाचायला लागले. मग चष्मा काढून पुसला. मग फाईल काढली आणि किरणचे पत्र शेजारी ठेवले.

मी दोन्ही पाहिली. तीच ओळ, तीच सही, सहीच्या शेजारी शिक्क्याचा तोच तिरपा डाग. फक्त नाव वेगळे.

"गुरुजी, पोरीला जाऊ देऊ नका."

आणि मी काय म्हणावे? "शेठ, एकाच कंपनीची पत्रं सारखीच असणार. तुम्ही उगाच भिता. आणि आता फ्लेक्स लागलाय."

हे मी म्हणालो. फ्लेक्स लागलाय. कागद घडी घालून मी स्टँडवर आलो, घाटघरच्या गाडीत बसलो.  गाडी सुटता सुटता शेजारी कुणीतरी येऊन बसले. सुवालालजी होते. बाजाराचा दिवस, दुकानाचे शटर खाली, आणि मांडीवर कापडी पिशवीत ती फाईल. आपटाळे गेले, चावंडचा किल्ला बाजूने सरकत गेला. वाटेत ते म्हणाले, "मला लई भ्या वाटतंय गुरुजी. तुमी शेजारी आहात ते बरं हाय." पोरीला परत फिरवायला निघालेल्या माणसाने मलाच धीराचा मान दिला. त्यांचा स्वभाव हा असा आहे.

घाटघरला देवळाच्या पारापुढे मांडव होता. अश्विनीला फेटा बांधला होता. सुवालालजींनी माईक मागितला नाही की चारचौघांत बोलले नाहीत. लहूला आणि अश्विनीला बाजूला घेऊन दोन्ही पत्रे दाखवली, किरणचे सांगितले. लहूचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

"शेठ, लेकीच्या सत्काराच्या येळंला असलं अभद्र बोलू नका. सगळा गाव जमलाय. आता काय सांगू मी, की माझी पोरगी फसली?"

"न्हाई फसली अजून. म्हणून तर आलोय."

"तुमाला सगळंच खोटं दिसतं."

गर्दीतून एक जण म्हणाला, "शेठ, जरा शाल-नारळ घ्या, भीती जाईल." लोक हसले. मी खाली पाहत होतो. मग सुवालालजी अश्विनीलाच म्हणाले, "बाळ, तू त्यांना फोन कर. एकच विचार. पासपोर्ट आणि मूळ कागद मी माझ्याजवळ ठेवीन, आणि बाबा विमानतळावर सोडायला येतील, चालेल का? चालेल म्हणाले तर मी स्वतः तुला हार घालून परत जातो."

घाटघरला रेंज येते ती फक्त त्या पारावर. त्यामुळे तो फोन साऱ्या गावासमोर झाला. स्पीकर चालू होता.

"हां, बोला ताई," पलीकडून तरणा आवाज आला. "झाला का सत्कार? फोटो बघितले मी स्टेटसला. लई भारी."

लोक खूश झाले. "बघा शेठ," लहू म्हणाला, "आपल्याच भागातला हाय. बोलणं ऐका त्याचं."

मी सुवालालजींकडे पाहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आपल्या भाषेत बोल म्हणायचे, म्हणजे पोरं भुलतात.

अश्विनीने विचारले. 

"न्हाई ताई. कागद गाडीतच द्यायचे असत्यात. नियम हाय तो. बाबांना कशाला त्रास? गाडी निघालीय, तासाभरात तुमच्या फाट्यावर. आता भ्यायचं कशाला? गाव एवढं कौतुक करतंय. बोर्डावर कविता बी कसली लिहिलीय बघा. जा गे लेकी दूर देशी, गंध ने मातीचा..."

त्याने ती ओळ वाचली नाही. म्हटली. शेवटचा शब्द लांबवला, छोटी उचकी घेतल्यासारखा थांबला आणि पुढच्या ओळीवर उडी मारली. "परतुन येता..."

तिथे तो अडकला.

 ती चाल जगात एकाच वर्गात शिकवली जात होती आणि ती शिकवणारा मी होतो. पारावर चार-दोन जण असे होते, ज्यांनी ती चाल ओळखली. लहूने तर ओळखलीच. त्याने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्या हातातला नारळ खाली ठेवला. फोनमधून मागे कुणीतरी हिंदीत दटावल्याचा आवाज आला, "क्या हो गया? जल्दी कर."

सुवालालजींनी अश्विनीच्या हातातून फोन घेतला.  मला वाटले, आता ते त्याला शिव्या देणार. ते अगदी हळू म्हणाले,

"बाळा, तू कुठल्या गावचा?"

मग त्यांनी स्वतःचीच ओळख दिली.

"मी सुवालाल. जुन्नरचा, झेरॉक्सवाला. दुकानाच्या पाटीवर नंबर हाय बघ, तोच हाय अजून."

श्वासाचा आवाज येत होता.

"तुझं मूळ सर्टिफिकेट कुणाकडं हाय बाळा?"

  मग तोच आवाज आला, पण आता ओठ न हलवता बोलावे तसा.

"शेठ, तिला गाडीत बसू देऊ नका."

फोन कटला. पुन्हा लावला तर लागला नाही. आजवर लागलेला नाही.

तासाभराने गाडी फाट्यावर आली. गाव फाट्यावरच उभे होते. काचा काळ्या, आत किती माणसे ते दिसले नाही. ती फ्लेक्सखाली मिनिटभर थांबली, वळली आणि गेली. अश्विनीने नंबर टिपला होता. तो कुठल्याशा ट्रॅक्टरचा निघाला. पोलिसांत तक्रार दिली, सुवालालजींनी फाईलमधली सगळी पत्रे लावून दिली. लहूने त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. तो त्याच्या लाकडांच्या ढिगावर अक्षरे आत करून घातलेला आहे.

पण सुवालालजींचे काम तिथे संपले नाही, आणि माझी झोप तिथूनच उडाली. कारण तो मुलगा माझा होता. माझ्या अखेरच्या वर्गांपैकी कुठल्यातरी बाकावर तो बसला होता. माझ्याकडे प्रत्येक वर्गाचा फोटो आहे. सुवालालजींनी ते मोठे करून छापले आणि आम्ही दोघे म्हातारे एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारत गावोगाव हिंडलो: हा कुठे असतो, तो कुठे असतो? मढच्या अलीकडे एका घरात माउलीने हसून सांगितले, "तो फारीनला हाय. लई कामात असतो, फोन करायला बी सवड न्हाई." आणि आतून घडी घातलेला फ्लेक्स आणून दाखवला. सुवालालजींनी जेवढे सांगता येईल तेवढे सांगितले. ती चिडली. "माझ्या लेकाचं चांगलं बघवत न्हाई व्हय तुमाला?" आम्ही उठलो. तोच असेल की नाही, मला माहीत नाही. फोटोत तो मुलगा दुसऱ्या रांगेत आहे, हसतो आहे. तिचा धाकटा मुलगा पुढे स्वतः जुन्नरला आला आणि तक्रारीवर सही करून गेला, हे सुवालालजींच्या वारंवार जाण्याचे फळ.

आज स्टुलावर बसून पत्र मोठ्याने वाचायला पोरे कंटाळत नाहीत. वाचता वाचता त्यांचा आवाज कुठे बारीक होतो, तिथे सुवालालजी फक्त मान हलवतात. अश्विनी आता दूध संकलन केंद्रात हिशेबनीस आहे आणि सुट्टीच्या दिवशी फाईलचे काम पाहते. हा लेखही तिनेच टाइप केला आहे. तिची मूळ प्रमाणपत्रे कुठे आहेत असे कुणी विचारले तर ती म्हणते, "माझ्याकडं. तुमची कुठायत?"

गौरव समितीने सुवालालजींच्या पंचाहत्तरीसाठी सभागृह ठरवले होते. त्यांनी दोन अटी घातल्या. फ्लेक्स लावायचा नाही, आणि समारंभ दुकानासमोरच करायचा, सूर्यास्ताच्या आत. "त्या टायमाला शटर खाली करून कसं चालंल?" असे ते म्हणाले. समितीतल्या नव्या मंडळींना याचा अर्थ कळला नाही. म्हणून सांगतो.

दुकानाचा फोन अधूनमधून वाजतो आणि पलीकडून कुणी बोलत नाही. जाहिरातींचे फोन असतील, असे अश्विनी म्हणते. असतीलही. सुवालालजी मात्र तो ठेवत नाहीत. "हां, बोल बाळा," म्हणतात, आणि थांबतात. मी तिथे असलो तर फोन माझ्यापुढे धरतात. "गुरुजी, म्हणा." मग मी म्हणतो, त्याच जुन्या चालीत, जा गे लेकी दूर देशी, गंध ने मातीचा. शेवटचा शब्द लांबवतो आणि थांबतो. आम्ही दोघे वाट पाहतो.

पलीकडून दुसरी ओळ अजून आलेली नाही.

लोक अशा वेळी शंभर वर्षांचे आयुष्य चिंततात. मी आकडा सांगत नाही. सुवालालजी, तुमचे गुडघे, तुमचे डोळे आणि तुमची ही भीती सारे शाबूत राहो, आणि ती ओळ पलीकडून येईल त्या दिवशी फोन उचलायला तुम्हीच दुकानात असा. मी शेजारी असेन. मला एकट्याला ती ऐकायचे धाडस होणार नाही.